एकवीस नावे, छत्तीस दाने

जब्ला, ७ शव्वाल १३२३

ज्याच्या तराजूतून राईएवढेही कर्म निसटत नाही, जो मागणाऱ्याला विन्मुख धाडत नाही आणि चुकलेल्यासाठी परतीची वाट मोकळी ठेवतो, त्याच्या कृपेची याचना करून हे पत्र आरंभितो.

प्रिय भगिनी वदीआ हिला तिचा थोरला भाऊ अब्दुस्समी याचा सलाम. तुला पत्रे वाचून दाखवणाऱ्या त्या शेजारीण उम्म नखला यांनाही सलाम. त्यांना सांग, हे पत्र सावकाश वाचावे आणि तुला आधी खाली बसवावे.

फय्याद यमनला गेला. सुखरूप आहे, पण सैन्यात गेला. रमजानच्या अखेरच्या आठवड्यात भरतीचा हुकूम आला: ज्या घरात दोन तरणी मुले आहेत त्या घराने एक द्यावा, आणि कोणता ते शुक्रवारी दुपारच्या नमाजापूर्वी कळवावे. भरतीतून सूट विकत घेण्याची ऐपत आपल्या घराची कधीच नव्हती. माझ्या घरात दोन मुले होती. माझा मुनीब आणि परमुलखी जाताना तू माझ्यावर सोपवलेला तुझा फय्याद.

तू म्हणशील, भावाने स्वतःचा राखला आणि बहिणीचा दिला. तसे कोणी म्हणू नये एवढ्यासाठीच मी निवाडा माझ्या हाती ठेवला नाही. जहाज बुडू लागले तेव्हा समुद्रात कोणी उतरावे हे ठरवायला एका पैगंबरालाही चिठ्ठीपुढे उभे राहावे लागले होते. कौल घेणे धर्माला मान्य आहे. पण चिठ्ठ्या लिहायच्या कोणी आणि घड्या घालायच्या कोणी? गेल्या वर्षी कातडी कमावणाऱ्यांच्या आळीसाठी मी चिठ्ठ्या घातल्या, तर एकीला मेण लागले होते अशी कुजबूज वर्षभर चालली. तेव्हा मी असा कौल शोधला, ज्याला माझी बोटे लागणार नाहीत.

माझ्या खिडकीखाली बर्हूमचा कहवाखाना आहे, तुला आठवत असेल. नर्दचा पट मांडून तिथे फाशांवर जे चालते त्याला मी जन्मात हात लावला नाही. त्या खेळाची निषिद्धता मीच दर वर्षी व्यासपीठावरून सांगतो. परंतु खेळ निषिद्ध आहे, हाडाचा फासा निषिद्ध नाही. बर्हूमचे दोन फासे मी धुऊन घेतले. गुरुवारी दुपारी खालच्या अंगणात साऱ्या मोहल्ल्यासमोर अट सांगितली: फय्यादचे दूशेश, म्हणजे दोन्ही फाशांवर सहा, मुनीबचे शेश-बेश, म्हणजे एकावर सहा, एकावर पाच. ज्याचे दान आधी पडेल तो घरी राहील. फासे टाकायला आंधळा हाफिज दाऊद बसला. अकरा दाने वाया गेली. बाराव्याला शेश-बेश पडले.

फय्यादने माझ्या हाताचे चुंबन घेतले. एक शब्द बोलला नाही. मुनीब रडला.

कौल न्याय्य होता. ज्याने दिला त्याच्या इच्छेपुढे मान लवव.

तुझा भाऊ,
अब्दुस्समी


जब्ला, १९ रबीउल-अव्वल १३२४

सर्व स्तुती त्याची, जो जाणतो आणि ज्याला मोजावे लागत नाही.

वदीआ, तुझे पत्र पोचले. सहा वर्षांतले पहिले, आणि त्यात ओळी चार. उम्म नखला यांचे अक्षर सुंदर आहे, पण त्या अक्षरांतून तुझाच आवाज ऐकू आला. तू लिहवतेस, "दूशेश माझ्या लेकाने मागितलं, का तुम्ही त्याच्या पदरात टाकलं, एवढंच सांगा." आणि पुढे, "फेरीवाल्यांत फिरणारे आमचे हे म्हणतात, दोन सहांचे बारा काय रोज पडतात होय?"

तुझ्या नवऱ्याने परमुलखात दारोदार सुया-फिती विकाव्यात. गणित मला शिकवू नये. पस्तीस वर्षे मी या गावच्या वारसाहक्काच्या वाटण्या करतो. सहावा हिस्सा, आठवा हिस्सा, दोन तृतीयांश. एका मयताची सतरा वारसांत केलेली वाटणी आजवर कोणी मोडून दाखवलेली नाही. तरीही तुझ्या समाधानासाठी सांगतो. दोन फाशांची दाने किती? जी नावे कहवाखान्यात पुकारली जातात तितकी. जोड्या सहा: दूशेश, पाच-पाचचे दबश, चार-चारची दुर्जी आणि खालच्या तीन. मिश्र पंधरा: शेश-बेश, शेश-चहार असे करीत तळापर्यंत. एकूण एकवीस. तीस वर्षे खिडकीतून ऐकतो आहे, बाविसावे नाव ऐकलेले नाही. एकवीस वारसांत दूशेशचा वाटा एक, शेश-बेशचा वाटा एक. दोघे तुल्यबळ.

दूशेश त्याच्याकडे कसे आले, हेही सांगतो. पाहुण्याला ताटातला उत्तम घास द्यावा ही आपल्या वडिलांची रीत. दूशेश दानांचा राजा आहे; ते पडले की खाली टाळ्या वाजतात. तुझा मुलगा माझ्याकडे ठेव होता. तुझ्या नावाचा अर्थच ठेव. म्हणून राजा त्याला दिला. मागील पत्रात ही गोष्ट लिहायची राहिली.

त्या दिवशी बर्हूम मध्येच बोलला होता, तेही लपवीत नाही. कॉफीचे भांडे हातात घेऊन दारात उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "शेखसाहेब, राग मानू नका, पण दूशेश म्हणजे मोठ्या घरची लेक. वर्षातनं एकदा तोंड दाखवते. शेश-बेश काय, रोज उठून दारात हजर! पोराला दुसरं काही द्या की."

हमाल हसले. एक म्हणाला, "बर्हूमला विचारा, तिच्या वाटेकडे डोळे लावून याचं अर्धं आयुष्य गेलंय!"

मी बर्हूमला म्हणालो, "नर्द खेळणाऱ्याची साक्ष काजीपुढे चालत नाही. माझ्यापुढेही चालणार नाही."

तो म्हणाला, "साक्ष नाही हो शेखसाहेब, सवय सांगतोय." आणि आत गेला. शास्त्र स्पष्ट आहे, वदीआ. ज्याची साक्ष अग्राह्य, त्याच्या शब्दावर दोन मुलांचे भवितव्य ठरवता येत नाही.

फय्यादचे पत्र यमनमधल्या हुदैदाहून आले. पाणी खारट आहे, हिवतापाने दोनदा आडवा झाला, आता बरा आहे. त्याच्या तुकडीत आपल्या किनाऱ्यावरची नऊ मुले होती, सहा उरली आहेत. लिहितो, "मामा, आईला हे कळवू नका." मी कळवीत आहे, कारण तुझ्यापासून काही लपवायचे नाही असे मी ठरवले आहे.

तू बदलीविषयीही विचारलेस. होय, नियम आहे. त्याच घरातला दुसरा पुरुष स्वतः हजर झाला तर पहिल्याला सोडतात. जहाजाने महिना-सव्वा महिना लागतो. पण बदली अन्याय दुरुस्त करण्यासाठी असते. जिथे कौल न्याय्य झाला, तिथे बदलीचा प्रश्न उद्भवत नाही.

अब्दुस्समी


जब्ला, ३ रज्जब १३२४

ज्याने माणसाला ज्ञान दिले आणि त्या ज्ञानाच्या मर्यादाही त्यालाच दाखवल्या, त्याची क्षमा मागतो.

वदीआ, हे पत्र उम्म नखला यांनी एकदा स्वतःशी वाचून मग तुला ऐकवावे.

गेल्या पंधरवड्यात बर्हूमच्या फाशांपैकी एक फुटला. त्याने दुसरा ऑलिव्हच्या लाकडाचा कोरून घेतला, काळसर. तेव्हापासून खाली एक पांढरा आणि एक काळा असे फासे खेळतात. परवा दुपारच्या नमाजानंतर मी पायऱ्या उतरत होतो. एका कोळ्याने दान टाकले आणि ओरडला, "शेश-बेश!" मी पाहिले: पांढऱ्यावर सहा, काळ्यावर पाच. त्याच्या समोरच्याने टाकले. तोही ओरडला, "शेश-बेश!" मी पाहिले: काळ्यावर सहा, पांढऱ्यावर पाच.

मी तिथेच उभा राहिलो. बर्हूमला विचारले, "ही दोन वेगळी दाने आहेत. दोघांना एकच नाव कसे?"

तो म्हणाला, "मोठा आकडा आधी बोलायचा, धाकटा मागनं. बेश-शेश कोण म्हणतंय? बापाआधी पोराचं नाव घेतल्यासारखं होईल ते."

"आणि दूशेश?"

"दूशेशला काय उलटं नि सुलटं, शेखसाहेब? दोन्हीकडं सहाच. ते एकाच वाटेनं येतं." मग माझ्याकडे पाहून त्याने भांडे खाली ठेवले. "बसा जरा. पाणी देऊ?"

मी पाणी घेतले नाही. घरी येऊन वाटणी पुन्हा मांडली. पांढऱ्याची तोंडे सहा. त्यातल्या प्रत्येकाबरोबर काळ्याची तोंडे सहा. सहा सक छत्तीस. हे छत्तीस वारस खरे सख्खे, समान वाट्याचे. जोड्यांना प्रत्येकी एकेक वाटा, म्हणून सहा. उरलेले तीस वाटे पंधरा मिश्र दानांचे, प्रत्येकाला दोन. मी नावे मोजली, वदीआ. वारस मोजले नाहीत. एका नावाची दोन भावंडे दारात उभी होती आणि मी त्यांना एक धरून चाललो, कारण वरच्या खिडकीतून फक्त हाक ऐकू येते, फासा दिसत नाही.

दूशेशचा वाटा एक, शेश-बेशचे दोन. उरलेल्या तेहतीस दानांनी काहीच ठरत नव्हते; ती वाया जाणारी. ठरवणारी दाने तीनच. त्यांतली दोन माझ्या मुलाची आणि एक तुझ्या मुलाचे. मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, ही वाटणी मी पस्तीस वर्षे जाणून, हुकमाप्रमाणे करीत आलो. या एका वेळी न जाणता केली, आणि मुलीचा वाटा तुझ्या मुलाला दिला.

म्हणून कौल न्याय्य नव्हता. म्हणून बदली आवश्यक आहे. मुनीबला मी सर्व सांगितले. तो लगेच म्हणाला, "बाबा, मी उद्याच नाव देतो." गुणी मुलगा आहे. परंतु त्याचा विवाह शाबानच्या पंधराव्या दिवशी ठरला आहे. वधूकडच्या माणसांना लाताकियाला निरोप गेले आहेत. त्यानंतर रमजान. उपवासाच्या महिन्यात प्रवास करावा हे उचित नव्हे. ईद झाली की तो पहिल्या जहाजाने निघेल. तुला शब्द देतो.

फय्यादचे नवे पत्र नाही. पत्र नसणे हे पुष्कळदा शुभच असते.

अब्दुस्समी


जब्ला, २० जिल्हिज्ज १३२४

जो झाकलेले उघड करतो, त्याच्यापुढे आता मी काही झाकीत नाही.

वदीआ. फय्याद गेला. हिवतापाने, हुदैदाच्या रुग्णतंबूत, रमजानच्या नवव्या दिवशी. कागद आता आला. सोबत त्याची माळ आणि एक पट्टा आला. माळ मी तुला पाठवीत आहे. पट्टा मुनीबने मागून घेतला.

तुझ्या मुलासाठी मी नमाज पढलो. नंतर माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसांना सांगितले की यापुढे माझ्या मागे उभे राहू नका. त्यांना वाटले, शोकाने बोलतो आहे. का ते तुला सांगतो, आणि तुला सांगताना उम्म नखला यांनाही सांगतो. त्यांनी काही गाळू नये.

पहिल्या पत्रात मी लिहिले की फय्याद एक शब्द बोलला नाही. फासे पडल्यावर तो बोलला नाही, हे खरे. पण फासे पडण्यापूर्वी तो बोलला होता. मी दूशेश त्याच्या नावे केले तेव्हा माझ्या जवळ सरकून हळूच म्हणाला, "मामा, मला शेश-बेश द्या ना. मुनीबदादाला काय कुठलंही चालेल." मुनीब मागून म्हणाला, "दे की बाबा, मला काय फरक पडतो!"

मी मोठ्याने विचारले, "शेश-बेशच का? तुला कसे माहीत? खाली बसतोस का तू? या हातांनी त्या वस्तूला शिवतोस?"

सारा मोहल्ला ऐकत होता. तो काय सांगणार होता? सकाळी माझ्यापुढे ग्रंथ पाठ म्हणून दाखवत होता आणि संध्याकाळी खाली दोन डाव खेळत होता. सगळ्यांना माहीत होते, मला नव्हते. खरे सांगावे तर माझी अब्रू जाणार, खोटे बोलावे तर त्याचा धर्म जाणार. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "नाही मामा. दूशेश चांगलं आहे." तुझ्या मुलाचे हेच एक असत्य मला ठाऊक आहे, आणि ते त्याने माझ्यासाठी उच्चारले. नर्द खेळणाऱ्याची साक्ष चालत नाही, ही माझी आवडती ओळ. त्या दिवशी अंगणात सत्य जाणणारे जेवढे होते ते सगळे नर्द खेळणारेच होते.

आता दुसरी गोष्ट. ती याहून वाईट आहे.

तिसऱ्या पत्रात मी तुला काळ्या आणि पांढऱ्या फाशाची हकिकत लिहिली. फासा फुटला, काळा आला, सारे खरे आहे. परंतु त्या दिवशी मला कळले ते फक्त कारण. गोष्ट आधीच कळली होती. सफरमध्ये, तुझे चार ओळींचे पत्र येताच, मी खिडकीशी बसू लागलो. दुपारच्या नमाजापासून सूर्यास्तापर्यंत, रोज. हातात जपमाळ, नव्याण्णव मण्यांची. खालून ओठ हलताना दिसत. लोकांना वाटे शेखसाहेब नामस्मरणात आहेत. मी प्रत्येक हाकेला एक मणी ओढत होतो. दहा माळा केल्या, नऊशे नव्वद दाने. दूशेश सव्वीस वेळा आले. शेश-बेश सत्तावन्न वेळा.

त्यानंतर, वदीआ, मी बसून तुला रबीउल-अव्वलचे पत्र लिहिले. एकवीस नावे आणि तुल्यबळ वाटे त्यातच लिहिले. बर्हूमची चेष्टा लिहिली, तुझ्या नवऱ्याच्या सुया-फिती काढल्या. माळ तेव्हा कागदाशेजारी होती. का दुप्पट पडते हे मला कळत नव्हते, आणि जे कळत नाही ते खरे नाही असे मी स्वतःला सांगितले. विद्वानाला अशी पळवाट सहज सापडते. हमालाला सापडली नसती.

त्या दिवशी मुनीबला पाठवले असते तर जुमादा महिन्याच्या आत तुझा मुलगा जहाजावर असता. रज्जबमध्ये पाठवले असते तरी शाबान संपायच्या आत सुटला असता. तो रमजानच्या नवव्यापर्यंत जगला. मी दिवस मोजले आहेत. हा हिशेब बरोबर आहे, दोनदा तपासला आहे. लग्न चांगले झाले. मेंढा कापला, भात झाला. त्या मांडवात बर्हूम माझ्याजवळ आला होता. त्याने फक्त विचारले, "फय्यादचं काही पत्र?" मी म्हणालो, "ईदनंतर सगळं ठीक होईल." तो म्हणाला, "ईद लांब आहे, शेखसाहेब." ईदही आली. मुनीब गाठोडे बांधून बसला, आणि मी जहाज नाही म्हणालो, वारा नाही म्हणालो, सून नवी आहे म्हणालो. जहाज होते.

कागद आला त्या सकाळी मुनीबने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "बाबा, मला दोन वाटे मिळाले होते ना? एक वापरून झाला. दुसरा घेऊन मी जातो." मी म्हणालो, "आता कोणाच्या बदली? सोडवायला कोणी उरले नाही." तो म्हणाला, "कबर कुठे आहे ते तरी बघून येतो. आत्याला कोणीतरी सांगायला नको?" त्याने स्वतः नाव दिले. फासे नाहीत, चिठ्ठी नाही. गेल्या सोमवारी गेला, कमरेला फय्यादचा पट्टा होता. त्याच्या नावाचा अर्थ परत फिरणारा असा आहे. मी आता त्या अर्थाकडे काही मागत नाही. सून मागच्या खोलीत बसून असते. माझ्याशी बोलत नाही, पण जेवण वाढते. हे तुला दया यावी म्हणून लिहिलेले नाही. माझे घर रिकामे झाल्याने तुझे भरत नाही.

चुकून कोणाचा मृत्यू घडवणाऱ्याने लागोपाठ दोन महिने उपवास करावेत, अशी आज्ञा आहे. मुहर्रमच्या पहिल्या दिवसापासून मी ते करीन. पण त्या गुरुवारी ज्याने नावे मोजली आणि वारस मोजले नाहीत, त्या माणसाची ती फेड आहे. तो खरोखरच चुकला होता. माळ हातात धरून ज्याने ते पत्र लिहिले, तो चुकला नव्हता. सफरपासून रमजानपर्यंतच्या दिवसांना शास्त्रात वेगळे नाव आहे. ते मला पाठ आहे, शिष्यांना शिकवलेलेही आहे. मी ते इथे लिहीत नाही. आजवर निवाडे मीच दिले, हा निवाडा तू दे. तुझी साक्ष ग्राह्य आहे. उत्तर आले नाही तर तेच उत्तर समजेन.

कहवाखान्यात आता माझी ये-जा आहे. बर्हूम खुर्ची पुसून देतो. काल त्याने ते दोन्ही फासे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "हे घेऊन जा शेखसाहेब. माझ्याच्याने आता टाकवत नाहीत." पांढरा आणि काळा, दोन्ही माझ्या मेजावर आहेत. मी त्यांना शिवलो नाही. त्याने ठेवले तसेच आहेत. वरच्या तोंडांवर काय आहे ते मी पाहत नाही.

हे दयाघना, जिच्यापुढे हे पत्र वाचले जात आहे त्या माउलीला धीर दे, आणि जी वाचते आहे तिच्या डोळ्यांना उजेड दे. पुढे कधी हे कोणाच्याही हाती पडो, त्याच्याकडे दुसऱ्याची ठेव असेल तर ती वेळेत परत करण्याचे बळ त्याला दे. आपल्याहून लहान कोणी हळू आवाजात काही मागत असेल, तर ते ऐकू येतील असे कान त्याला दे. वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. त्यांच्या लेकरांचे, आणि त्यांच्याकडे सोपवलेल्या लेकरांचे. आमीन.

अब्दुस्समी